लोखंड तापलं की सरकतं



दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण ७० लिटर पाणी मावतं. म्हणजे ७० किलो. सहा मिलिमीटर काचेचं वजन १३ किलोच्या आसपास, तळाला दहा-बारा किलो वाळू आणि गोटे, वर दिवा आणि फिल्टर. हिशेब शंभर किलोच्या घरात जातो. हे सगळं माझ्या ताईच्या हॉलच्या कोपऱ्यात, सहा वर्षांच्या भाचीच्या नाकासमोर उभं राहणार होतं आणि त्याच्या खालचा लोखंडी बेस मी घरी करणार होतो.

ताईनं एकच प्रश्न विचारला, "पडणार नाही ना रे?"

घरचे सगळे हाच प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. पडणार नाही. एक इंची चौकोनी पाइपचे चार छोटे पाय शंभर किलो सहज पेलतात. खरा प्रश्न वेगळा आहे: वरची चौकट सपाट राहील का? काचेची टाकी वाकत नाही. चौकटीचा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खाली राहिला, तर सगळा भार उरलेल्या कोपऱ्यांवर जातो, काचेला पीळ बसतो, आणि कधीतरी सिलिकॉनचा जोड सुटतो किंवा तळाची काच तडकते. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. महिन्याभरानं एका रात्री हॉलभर पाणी होतं. म्हणून आजच्या लेखात ताकदीबद्दल थोडं आणि सपाटीबद्दल जास्त लिहिणार आहे.

बेळगावकराला हे कोण सांगणार!

तसं आपल्या गावात लोखंडाबद्दल लिहिणं म्हणजे कुंद्याच्या दुकानासमोर साखर विकण्यासारखं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते इथे बेळगावात. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आले, आणि १९१० साली कारखाना कुंडल रोडला गेला. गावात आजही किर्लोस्कर रोड आहे. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमध्ये आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा, वडील, काका राबले. माझ्या पिढीनं मात्र बीई केलं आणि लॅपटॉप उघडला. लोखंड घरातून गेलं ते बहुतेक तेव्हाच.

आमच्या गल्लीत उद्यमबागेतून निवृत्त झालेले एक वेल्डर मामा आहेत. मी कागदावर काढलेलं चित्र त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "वेल्डिंग येतंय, ते बघितलंय मी. पण थंड झाल्यावर काय करायलास?"

सगळा लेख या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

गरम लोखंडाचा स्वभाव

एक मीटर लांबीची साध्या लोखंडाची पट्टी १०० अंशांनी तापली की सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. थंड झाली की पुन्हा होती तेवढी होते. पट्टी एकसारखी तापली आणि मोकळी असली तर काहीच बिघडत नाही. वेल्डिंगमध्ये मात्र एका टिचभर जागी लोखंड वितळतं, म्हणजे तापमान १५०० अंशांच्या आसपास जातं, आणि दोन वीत पलीकडे पाइप हाताला कोमटही लागत नाही. तापलेला भाग पसरू पाहतो, पण आजूबाजूचं थंड लोखंड त्याला पसरू देत नाही. मग तो जागच्या जागी दबतो. थंड होताना आकसतो तो मात्र पूर्ण आकसतो, आणि जोडलेल्या पाइपला आपल्या बाजूला ओढतो.

म्हणून लक्षात ठेवायचा नियम असा: ज्या बाजूला वेल्ड, त्या बाजूला ओढ. पाय गुण्यात उभा करून फक्त डाव्या बाजूला वेल्ड केलं, तर थंड झाल्यावर तो डावीकडे झुकलेला मिळेल. यात हाताच्या कौशल्याचा संबंध नाही. पन्नास वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाच्या हाताखालीही लोखंड तेवढंच ओढतं. फरक इतकाच की त्याला ते आधी माहीत असतं, आणि तो त्याप्रमाणे क्रम लावतो.

उद्यमबागेतली ओतकामाची माणसं हेच दुसऱ्या भाषेत सांगतील. ओतीव लोखंड साच्यात थंड होतानाही आत ताण राहतात. म्हणून जुन्या काळी लेथचे ओतलेले बेड महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवत आणि मग मशिनवर चढवत. आता तेच काम भट्टीत तापवून, हळूहळू थंड करून होतं. आपल्याकडे भट्टी नाही आणि महिनेही नाहीत. आपल्याकडे आहे तो फक्त क्रम.

आधी कागद

बेसची रचना अशी ठरवली की भार लोखंडावरून लोखंडावर जावा आणि वेल्डनं फक्त जागा धरून ठेवावी. म्हणजे वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसते. पायांच्या बाजूला चिकटवलेली चौकट करायची नाही, कारण मग सगळं वजन वेल्डवर लटकतं. शिकाऊ हाताच्या वेल्डवर काहीही लटकवू नये.

तुकडे बारा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये:

वरच्या चौकटीला ६२० चे दोन लांब आणि २७० चे दोन आडवे. मध्ये आधाराला २७० चा आणखी एक.

पाय ५५० चे चार.

खाली, जमिनीपासून चार बोटं वर, दोन्ही टोकांच्या पायांना जोडणारे २७० चे दोन, आणि त्या दोघांच्या मध्यावर ५७० चा एक लांब. वरून पाहिलं तर इंग्रजी एच अक्षरासारखं दिसतं.

बेरीज ५,३६० मिलिमीटर. वीस फुटी एका पाइपमध्ये हे सगळं बसतं आणि सरावाला हातभर तुकडा उरतो. कोपरे ४५ अंशांत कापले तर दिसायला छान, पण पहिल्या कामाला सगळे काप सरळ नव्वदमध्येच ठेवावेत. उघडी राहिलेली टोकं प्लॅस्टिकच्या टोप्यांनी बंद होतात.

दुकानात काय मागायचं

पाइप मागताना दोन गोष्टी सांगायच्या. पहिली जाडी. दुकानदार गेजमध्ये बोलतो: १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर. वजनाला १६ गेजही पुरेल, पण नवशिक्याच्या हातून पातळ पाइपला भोक पडतं. १४ गेज घ्या. मीटरला सुमारे १.४ किलो, म्हणजे सगळा बेस साडेसात किलोच्या आसपास भरतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाइप काळा घ्या, जीआय नको. चकचकीत जीआय पाइप गंजत नाही म्हणून मोह होतो. पण त्याच्यावर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ झालेली असते. तो पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डर लोकांना हा ताप चांगला ठाऊक आहे. पिवळसर किंवा चकचकीत मुलामा दिलेल्या नट-बोल्टांनाही हेच लागू. वेल्ड करायच्या जागी काळे नट वापरा.

काप

ग्राइंडरनं कापणं सोपं आणि झटपट. तरी पहिल्या बेससाठी मी हॅक्सॉ सुचवेन. ठिणग्या नाहीत, आवाज बेताचा, फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांशी भांडण नाही, आणि काप सरळ येतोय की नाही ते बघायला वेळ मिळतो. ब्लेड बारीक दातांचं, इंचाला २४ किंवा ३२ दात असलेलं. पातळ पत्र्यात मोठे दात अडकतात आणि तुटतात. दातांची टोकं पुढच्या दिशेला हवीत, कारण कापायचं ते ढकलताना. मागे ओढताना हात हलका. पाइपच्या चारही बाजूंना गुण्या लावून रेघ मारा. एका बाजूची रेघ पाहून कापलं तर दुसऱ्या बाजूला काप पळालेला असतो. खडूची रेघ दोन मिलिमीटर जाड पडते, म्हणून अणकुचीदार सुईनं ओरखडा काढा.

ग्राइंडरच वापरायचा असेल तर हा आकडा डोक्यात ठेवा. चार इंची चाक मिनिटाला ११,००० फेरे घेतं, म्हणजे त्याची कड ताशी २०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं फिरते. चाक फुटलं तर तुकडा त्याच वेगानं सुटतो. त्याच्या आणि तुमच्या मध्ये जे असतं ते गार्ड. "गार्ड मध्ये येतो" म्हणून तो काढून टाकलेले ग्राइंडर आपण सगळीकडे बघतो. गार्ड मध्ये येतो हे खरंच आहे. तेच त्याचं काम. चाकावर लिहिलेले फेरे मशिनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत, कापायच्या चाकानं घासायचं काम करू नये, आणि डोळ्यांवर बाजूनंही बंद असलेला गॉगल हवा. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

कापून झालं की सारख्या मापाचे तुकडे एकत्र उभे करा. चारही पाय स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर शेजारी-शेजारी ठेवा आणि माथ्यावरून बोट फिरवा. टेपवर अर्धा मिलिमीटर दिसत नाही, पण बोटाला तो पायरीसारखा लागतो. जो उंच असेल त्याला कानस. मशीन शॉपमध्ये मोजमापासाठी घासून सपाट केलेली ग्रॅनाइटची मोठी लादी असते. घरातला ओटा इतका अचूक नसतो, पण आपल्या कामाला पुरतो. अट एकच: आधी आईला विचारा, खाली जुनं वर्तमानपत्र घाला, आणि तिथे चुकूनही वेल्डिंग करू नका.

कानसीवर घालवलेला वेळ वाया जात नाही. जोड जितका घट्ट, तितका वेल्ड कमी. फट असली की ती बुजवायला जास्त धातू वितळवावा लागतो, जास्त धातू म्हणजे जास्त उष्णता, आणि जास्त उष्णता म्हणजे जास्त ओढ. चौकट वाकडी होते ती पुष्कळदा कापतानाच, वेल्डिंगच्या कितीतरी आधी.

कर्ण मोजा

वरची चौकट सपाट जागी मांडली की गुण्या लावून कोपरे बघायचे, पण त्यावर थांबायचं नाही. छोट्या गुण्यावर एक अंशाचा फरक सहज निसटतो. टेप घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. ६२० बाय ३२० च्या चौकटीचा कर्ण ६९७.७ मिलिमीटर येतो. कोपरा एकाच अंशानं चुकला तर एक कर्ण ७०२.७ आणि दुसरा ६९२.७ होतो, म्हणजे जवळजवळ दहा मिलिमीटरचा फरक. जो दोष कोपऱ्यात डोळ्याला दिसत नाही, तो कर्णावर ओरडून सांगतो. दोन्ही कर्णांत एक मिलिमीटरच्या आत फरक असेल तर कोपरा एका अंशाच्या दहाव्या भागापर्यंत बरोबर आहे. आठवी-नववीच्या भूमितीचा इतका थेट उपयोग मी नोकरीत तरी कधी केलेला नाही.

कर्ण सारखे आले म्हणजे चौकट चौरस आहे, एवढंच कळतं. ती सपाट आहे का, हा निराळा प्रश्न. कागद चारही बाजूंनी काटकोनात कापलेला असला तरी तो पिळता येतोच की. त्यासाठी दोन बारीक दोरे घ्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून ताणून फुली करा. मध्यभागी दोन्ही दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबत असला तर चौकटीला पीळ आहे. दोऱ्यांची वर-खाली अदलाबदल करून पुन्हा बघा. गवंडीकाम करणारी माणसं दोरीवर एवढा विश्वास का टाकतात ते तेव्हा कळतं.

टाका आधी, माळ नंतर

आता आग. घरगुती इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पिशवीत मावेल एवढं असतं. अडीच मिलिमीटरचा रॉड, ई ६०१३ प्रकारचा. सॉफ्टवेअरवाल्यांना आवडेल असा हा नंबर आहे. पहिले ६० म्हणजे जोडाची ताकद, चौरस इंचाला ६०,००० पौंड. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर अशा सगळ्या स्थितींत चालतो. शेवटचा आकडा वरच्या लेपाचा आणि करंटचा प्रकार सांगतो. दोन मिलिमीटर पाइपला ६० ते ७० अँपिअरपासून सुरुवात करा. उरलेल्या तुकड्यावर आधी पंधरा-वीस रेघा ओढून हात बसवा.

मशीन १६ अँपिअरच्या प्लगवरच लावा. मोबाइल चार्जरच्या पट्टीवर नाही. एक्स्टेन्शन वापरलंत तर जाड तारेचं, आणि रीळ पूर्ण उलगडलेलं. गुंडाळलेली तार आतल्या आत तापते आणि वितळते.

क्रम असा:

१. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटा टाका, तांदळाच्या दाण्याएवढा. एका कोपऱ्यानंतर शेजारचा घ्यायचा नाही, समोरचा घ्यायचा.

२. कर्ण मोजा. टाके पडल्यावर चौकट थोडी सरकलेली असते. आता हातोडीच्या हलक्या ठोक्यानं ती जागेवर येते. पूर्ण वेल्ड झाल्यावर येणार नाही.

३. चौकट उलटी ठेवा, पाय उभे करा. प्रत्येक पायाला एका बाजूला टाका, लगेच विरुद्ध बाजूला दुसरा. गुण्या दोन दिशांनी लावा.

४. खालचे तुकडे टाक्यांवर बसवा. पुन्हा सगळी मापं, पुन्हा दोरे.

५. मगच पूर्ण वेल्ड. प्रत्येक बाजूची माळ जेमतेम एक इंचाची. एक झाली की कर्णावरच्या समोरच्या पायाकडे जा. आधीची जागा थंड होऊ द्या. पाणी ओतून थंड करायचं नाही.

६. प्रत्येक माळेवरची खपली ठोकून, तारेच्या ब्रशनं साफ करा. खपली राहिली तर रंग तिच्यावर बसतो, तिच्यासकट निघतो आणि आत गंज धरतो.

मामा माझे टाके बघायला आले होते. माळेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चारही टाक्यांजवळ वाकून बघितलं, दोरा स्वतः ताणला आणि म्हणाले, "हं. आता कर." तासाभराच्या वेल्डिंगसाठी दीड दिवसाची तयारी होती, आणि त्यांच्या लेखी काम तिथेच संपलं होतं.

माझ्या रोजच्या कामात एखादी गोष्ट बिघडली की मागच्या आवृत्तीवर परतता येतं. इथे टाक्यापर्यंत परतता येतं, कारण टाका ग्राइंडरनं तोडून पुन्हा मारता येतो. माळ पडली की परतीचा रस्ता बंद. म्हणून तपासणी टाक्यालाच करायची.

डोळे, कपडे आणि शेजारची पोरं

वेल्डिंगच्या ठिणगीपेक्षा तिचा उजेड जास्त घातक. त्यातले अतिनील किरण डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा भाजतात. त्या क्षणी काही होत नाही. सहा-सात तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं खुपायला लागतं. बटाट्याच्या चकत्या आणि दुधाच्या घड्या हे उपाय प्रत्येक घरात सांगितले जातात. ते सोडा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्याहून चांगलं म्हणजे १० नंबरची काळी काच असलेलं हेल्मेट घाला. साधा काळा गॉगल इथे चालत नाही.

तुमच्याकडे हेल्मेट असतं, बघायला जमलेल्या पोरांकडे नसतं. उजेड बघितला की मुलं धावत येतात, हा अनुभव गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाचा असेल. म्हणून भोवती पत्र्याचा किंवा प्लायवुडचा आडोसा उभा करा. जुन्या चादरीचा नको, ती पेटते. भाचीला मी काम दाखवलं ते मोजमाप करताना, दोरा ताणताना आणि रंग देताना. वेल्डिंगच्या वेळी ती घरात होती.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक टी-शर्टवर ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. पायात बूट, चप्पल नाही. हातमोजे कोरडे. रॉड पेटलेला नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असू शकतात, त्यामुळे ओल्या फरशीवर किंवा पावसात काम नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम तसंही छपराखालीच. जवळ स्कूटर, रंगाचे डबे, पोती नकोत. वाळूची बादली हवी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. आग बहुतेक वेळा तुम्ही चहाला आत गेल्यावर लागते.

आणि काही कामं घरी करायचीच नाहीत. बाल्कनीचा कठडा, झोपाळ्याची कडी, जिना, आणि पूर्वी पेट्रोल, तेल किंवा गॅस भरलेली कोणतीही टाकी. पहिली तीन माणसाचा जीव धरून असतात, आणि चौथी रिकामी वाटली तरी रिकामी नसते. ती अनुभवी माणसाला द्या.

टाकी ठेवण्याआधी

फरशी कधीच पूर्ण सपाट नसते. हॉलची फरशीही कुठेतरी उतरती असते. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाला भोक पाडलेली छोटी पट्टी, तिच्यावर एम १० चा काळा नट आणि त्यात बोल्ट. या बोल्टचा एक पूर्ण फेरा बेसचा तो कोपरा दीड मिलिमीटर उचलतो, पाव फेरा साधारण ०.४ मिलिमीटर. पाणसळ बघत चारही कोपरे जागेवर आणता येतात. फक्त एक लक्षात घ्या. बोल्टनं फरशीची चूक सुधारते, चौकटीचा पीळ सुधारत नाही.

मग परीक्षा. चौकटीवर फळी टाकून ५० किलोची सिमेंटची दोन पोती ठेवायची आणि बेस आठवडाभर अंगणात तसाच सोडायचा. टाकीचं जेवढं वजन, तेवढंच हे. रोज सकाळी दोन्ही बाजूंनी हलवून बघायचा. आठवड्यानंतर पोती उतरवून पुन्हा कर्ण, पुन्हा दोरे. माझ्या बेसचे आकडे पहिल्या दिवसाइतकेच आले. मामांनी प्रत्येक जोडावर हातोडी वाजवून आवाज ऐकला, तेव्हाच मी ताईला फोन केला.

वरच्या बाजूच्या माळा घासून पाइपच्या पातळीत आणायच्या, बाकीच्या तशाच ठेवायच्या. घासलेलं लोखंड आपल्या दमट हवेत रात्रीतून तांबूस होतं, म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वाळल्यावर दुसरा, आणि मग ऑइल पेंट. टाकीचं पाणी कधी ना कधी सांडणारच. चौकटीवर १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लायवुड, त्यावर थर्माकोलची पातळ शीट, आणि त्यावर काच. थर्माकोल बारीक खडबडीतपणा पोटात घेतो. तीन मिलिमीटरचा पीळ तो घेऊ शकत नाही, तो आपणच आधी काढायचा.

एवढा खटाटोप कशाला?

तयार स्टँड बाजारात मिळतो, आणि नोकरीच्या तासांचा हिशेब केला तर तो स्वस्तच पडतो. मी ते नाकारत नाही. पण घरात अशी एखादी वस्तू हवी जिच्याबद्दल "पडणार नाही ना?" असं कुणी विचारलं तर कंपनीचं नाव न सांगता कारण सांगता यावं. भार कुठून कुठे जातो, जोड काय धरतो, काय मोजलं, किती दिवस तपासलं. असं उत्तर घरातल्या मुलांनी ऐकलं की त्यांनाही पुढच्या वस्तूबद्दल तसंच विचारावंसं वाटतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली आजोबांची पेटी असेल. तिच्यात गुण्या, कानस, हॅक्सॉची फ्रेम आणि बहुधा अर्धा डझन गंजलेली ब्लेडं. गुण्या तपासायचा सोपा उपाय सांगतो. सरळ कडेच्या फळीवर तो ठेवून रेघ मारा, मग उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या अजून खरा आहे, कामाला घ्या.

पुढच्या महिन्यात याच पेटीतल्या कानसीबद्दल लिहीन: तिचे प्रकार, ती साफ कशी करायची, आणि ती मागे ओढताना का उचलायची.